भरल्या मडक्यापाशी वाळलेला मोगरा

"माझ्या बायकोनं माझ्या बायकोचं झाड मारलं," हणमंतराव बिरादार म्हणाले आणि डोक्याचा रुमाल सोडून त्यांनी घाम पुसला.

बाबूलालनं हातातलं पान तोंडाजवळ नेता नेता थांबवलं. बीदरच्या उन्हानं भल्याभल्यांचं डोकं फिरतं हे त्याला ठाऊक होतं. पण निवृत्त हेडमास्तरचं फिरलेलं तो पहिल्यांदाच बघत होता.

बळीराम गायकवाडनं मात्र पाहुण्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. "म्हणजे बायका दोन. एक आता नाही, आणि दुसरी नवी आहे."

"व्हय. सावित्री गेली. मागच्या वर्षी कमलला करून आणली. निर्णा गावची."

चौबाऱ्याच्या बुरुजाजवळच्या त्या माडीवर बळीराम एकटाच राही. त्यानं कोर्टातली कारकुनी सोडली होती आणि तो स्वतंत्रपणे चौकशीची कामं घेई. वकील त्याला बोलावत, सावकार त्याला टाळत. खाली बाबूलालचं कापडाचं दुकान. १९६८ च्या त्या मे महिन्यात दुपारी कुत्रंसुद्धा गिऱ्हाईक म्हणून फिरकत नव्हतं, त्यामुळे बाबूलाल वर येऊन बसे आणि शोधकामात मदत करी. त्याला संशय भरपूर येत, फक्त ते चुकीच्या माणसावर येत.

हणमंतरावांनी हकिकत सांगितली. जनवाड्याजवळ त्यांचा मळा. वर्षभर ते गावातल्या घरात असत, पण उन्हाळा लागला की बिऱ्हाड मळ्यावर. सावित्रीबाईंनी तिथं अंगणात मोगरा लावला होता. नव्या कमलबाईंनी आल्याबरोबर झाडांच्या बुडाशी कमी भाजलेली, कच्ची मडकी पुरली. मडक्यात पाणी भरायचं, वर फरशीचा तुकडा झाकायचा, पाणी आतल्या आत पाझरून मुळांना मिळतं. यंदा मोगऱ्याला असा बहर आला की येणारा-जाणारा थांबून बघे. अक्षय तृतीयेनंतर कमलबाई भावाच्या घरच्या लग्नाला निर्ण्याला गेल्या. परत आल्या तेव्हा मोगरा उभाच्या उभा वाळलेला होता.

"पाणी नसेल घातलं कुणी," बाबूलाल म्हणाला.

"तेच तर! मी झाकण काढून बघितलं, शेठ. मडकं काठोकाठ भरलेलं! शेजारी पाणी असताना झाड मरतंय कसं? जायच्या आधी तिनं त्या मडक्यात कायतरी कालवलं."

"कामून कालवतील?" बळीरामनं विचारलं.

"मत्सर. मळ्यात सावित्रीचं नाव राहू नये म्हणून. आज संध्याकाळी तिचा भाऊ व्यंकट गाडी घेऊन यायलाय. कायमचीच पाठवून देतोय मी तिला. पण भावापुढं पुरावा ठेवायला पायजे, म्हणून आलो."

"पुरावा ठेवू. कुणाविरुद्ध ठेवायचा ते मळ्यावर गेल्यावर सांगतो." बळीरामनं चपला पायात सरकवल्या आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "सावित्रीबाई गेल्यावर, कमलबाई यायच्या आधी, त्या झाडाला पाणी कोण घालायचं?"

"घालायचं कुणीतरी," हणमंतराव म्हणाले.

*

मळ्यातलं घर जांभ्या दगडाचं, बसकं आणि आत गार. अंगणात बाजांवर कुरडया वाळत घातलेल्या. कावळे हाकायला काहीतरी काळं बांधलं आहे की काय असं बाबूलालला वाटलं, पण ती शेळी होती, सुटीच, आणि तिचा डोळा कुरडयांवरच होता.

ओट्यावर, खांबाला टेकून, कमलबाई बसल्या होत्या. शेजारी बांधलेलं गाठोडं. वय तिशीच्या आतबाहेर, रंग सावळा, डोळे रडून सुजलेले नव्हते. बाबूलालला हे लगेच खटकलं. निरपराध बाई रडली असती.

"तुम्ही मोगऱ्याच्या मडक्यात काही घातलंत?" बळीरामनं सरळच विचारलं.

"पाणी घातलं."

"आणखी?"

"आणखी काय घालणार? औरादकडं माझं आजोळ. तिकडं पाण्याची बोंब. आजी असंच मडकं पुरून लिंबं जगवायची. तेच हितं केलं." त्यांनी नवऱ्याकडे बघितलं नाही. "ह्यांनी मला येक बी सवाल केला न्हाई. मी गाडीतनं उतरले तर म्हणले, गाठोडं सोडू नको."

"सावित्रीबाईंबद्दल तुमच्या मनात काही?"

कमलबाईंनी गाठोड्याची गाठ घट्ट ओढली. मग म्हणाल्या, "मेलेल्या माणसासंगं कोण भांडणार?"

हे काही उत्तर झालं नाही, असं बाबूलालनं मनात टिपून ठेवलं. त्याच्यापुरता खटला निकालात निघाला होता.

मोगरा अंगणाच्या कोपऱ्यात कडुलिंबाच्या सावलीत होता. फांद्या काड्यांसारख्या, पानं हात लावला की चुरा. बळीराम उकिडवा बसला. आधी त्यानं शेजारच्या पेरूचं मडकं बघितलं. मडक्याच्या गळ्याभोवती माती काळपट ओली, बसून घट्ट झालेली. जुईच्या मडक्याचंही तसंच. मोगऱ्याच्या मडक्याभोवतीची माती मात्र कोरडी आणि भुसभुशीत, बोटांतून पिठासारखी गळली.

त्यानं झाकण सरकवलं. पाणी काठापर्यंत होतं, आणि वर मोराच्या मानेवर दिसतो तसा पुसट रंग तरंगत होता. बळीरामनं बोट बुडवलं आणि अंगठ्यावर घासलं.

"विष!" बाबूलाल कुजबुजला. "रंग बघ."

तेवढ्यात काळी शेळी दोघांच्या मधून घुसली आणि मडक्यात तोंड घालून प्यायला लागली.

"हाड! हाड!" लांबून माळी ईरण्णा धावत आला. "मोप ताप हाय हिचा. नाकानं फरशी सरकवती. रोज हितंच पिती."

"रोज? आणि तब्येत?"

"दोन बकऱ्यांचं दूध द्यायलीय," ईरण्णा म्हणाला. विषाची गोष्ट तिथंच संपली. बाबूलालला जरा वाईट वाटलं.

ईरण्णा म्हातारा, काटक, आणि मनातून दुखावलेला. बळीरामनं त्याला लिंबाखाली बसवलं आणि तंबाखू दिली.

"बाग पहिल्यापासून तुमच्याकडं?"

"व्हती. मोट हाणायची, पाटानं पाणी सोडायचं. सगळी बाग हिरवीगार. ही बाई आली आन् मडकी पुरली. म्हणली, पाट बंद. मंग मी कशाला ऱ्हायलो? मडकं भरायला?"

"राग आला असेल."

"आला की. पर झाडावर न्हाई काढला. बाई जाताना सगळ्यांम्होरं बजावून गेली, 'ईरण्णा, मडकं उतरलं तरच भर. भरलेलं असल तर हात लावू नको, आन् वरनं आळ्यात थेंब घालू नको, मुळं कुजतील.' तसंच केलं."

"मोगऱ्याचं मडकं किती वेळा भरलं?"

"बाई गेल्यावर पहिल्यांदा येक-दोनदा भरलं. अर्धं उतरायचं. मंग उतरायचं बंदच झालं. शेळी प्यायची तेवढंच कमी. मी म्हणलो, झाडाचं पोट भरलं आसंल. पानं पिवळी पडली तवा वाटलं बी, घालावी येक कळशी. पर म्हणलो, कामून? बाईचं शाणपण हाय, बाईच बघंल."

त्याच्या तोंडावर क्षणभर समाधान दिसलं आणि मग स्वतःचीच लाज वाटल्यासारखी त्यानं मान खाली घातली.

"पूर्वी मोगऱ्याला पाणी कोण द्यायचं? पाट तिथवर येत नाही."

"नागूअक्का. सावित्रीअक्काची धाकटी बहीण. हीरीवरनं कळशी डोक्यावर घिऊन यायची, भर उन्हात. सावित्रीअक्का गेल्यापासनं दर उन्हाळ्याला. फुलं मात्र ओंजळभरच यायची."

*

नागूबाई स्वयंपाकघराच्या दारातच भेटल्या. लहानपणीच विधवा झालेल्या, कपाळ मोकळं, लुगडं गडद. भालकीला भावाचा तेलाचा घाणा होता, तिथं त्या राहत. दर उन्हाळ्यात करडईचं तेल घेऊन मळ्यावर येत आणि पापड-कुरडया, लोणचं, सगळं सालभराचं करून ठेवून जात. मोगऱ्याचं नाव काढताच त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

"अक्काचा जीव व्हता त्याच्यात. तिच्यामागं तेवढंच ऱ्हायलं व्हतं."

"आत थोडं बघू का?" बळीरामनं विचारलं.

नागूबाई उंबऱ्यात आडव्या झाल्या. "शेठ येऊ द्यात. तुम्ही हितंच बसा. आत देव हायत."

बाबूलालचे कान तापले. बळीराम बौद्ध होता, आणि असे उंबरे त्याला नवे नव्हते. तो फक्त म्हणाला, "मी इथंच बरा, वारा आहे. बाबूलाल, तू जा. सगळं नीट बघ, आणि बाहेर येऊन मला सगळं सांग. कामाचं नसलेलंसुद्धा."

बाबूलालनं नीट बघितलं. पोलपाट, लोणच्याची बरणी, चूल, कोपऱ्यातल्या चुंबळीवर ठेवलेलं तेलाचं मडकं. पाटावर बसून त्यानं नागूबाईंना एकदोन धूर्त प्रश्न विचारले आणि उठला तो ओरडलाच. धोतराच्या नव्या शुभ्र सोग्यावर तळहाताएवढा तेलाचा डाग!

"अक्का, तुमचं मडकं गळतंय!"

"गळायचं काय?" नागूबाई पटकन म्हणाल्या. "दरसालचंच मडकं हाय ते. आईच्या वेळचं. ऊन किती पडलंय, तेल पाझरायलंय जरासं."

त्यांनी खाली राख टाकली. तिथं आधीचीही राख होती, तेलानं काळी झालेली.

बाहेर येऊन बाबूलालनं सगळं सांगितलं, पण मुख्यतः धोतराबद्दल सांगितलं. "असलं सूत आता मिळत नाही. आणि मडकं तरी कसलं, अंगावर सगळीकडं पांढरे ओघळ, मिठासारखे. चार घरचं पाणी प्यालेलं मडकं वाटतं, आणि बाई सांगते आईच्या वेळचं."

बळीरामनं त्याच्याकडे इतक्या प्रेमानं बघितलं की बाबूलालला शंका आली.

"बाबूलाल, हे धोतर धुऊ नकोस."

मग तो हणमंतरावांकडे वळला. "गुरुजी, अक्षय तृतीयेला इथं काय झालं?"

"काय व्हायचंय? दरसालसारखी सावित्रीच्या नावानं पाण्याची घागर भरली. नागूनंच भरली. कमलनं टोपलंभर मोगरा आणला, घागर फुलांनी झाकून टाकली. गावातली माणसं जेवायला व्हती."

"आणि तुम्ही काही बोललात?"

"म्हणलो, सावित्रीच्या हाताला बी असा बहर कधी आला न्हाई, तो कमलच्या हाताला आला. खरंच होतं ते." त्यांनी जरा थांबून आठवलं. "नागू जेवली नाही त्या दिवशी. डोकं दुखायलंय म्हणाली."

*

उन्हं कलली तेव्हा व्यंकटची बैलगाडी मळ्याच्या फाटकाशी लागली. कमलबाईंनी गाठोडं उचललं. हणमंतराव ओट्यावर उभे होते, ताठ, जणू शाळेत एखाद्या मुलाचं नाव पटावरून कमी करत होते.

"जरा थांबा," बळीराम म्हणाला. "पुरावा ठेवायचं कबूल केलंय मी. ईरण्णा, मोगऱ्याचं मडकं उपटून आणा. बाबूलाल, आत जा आणि तेलाचं मडकं बाहेर आण."

"तेलाचं कशाला?" नागूबाई म्हणाल्या. पण बाबूलाल आत गेलासुद्धा. धोतर तर गेलंच होतं.

दोन्ही मडकी ओट्यावर आली. आकार तोच, रंगात थोडा फरक. बळीरामनं मोगऱ्याच्या मडक्यातलं पाणी ओतून दिलं, वरची माती फडक्यानं पुसली आणि पोटावर ओंजळभर पाणी मारलं. पाणी थेंब थेंब होऊन घरंगळलं. मग ईरण्णाला पेरूचंही मडकं उपटून आणायला लावलं आणि त्यावर पाणी मारलं, तर तिथं ते दिसेनासं झालं.

"कच्चं मडकं पाणी पितं आणि पाझरतं. म्हणून तर ते पुरतात. हे पाझरत नाही. वर्षानुवर्षं तेल मुरलेल्या मडक्याची छिद्रं बुजतात. राखेनं कितीही घासलं तरी पाण्यावर तवंग येतोच. मोगऱ्याला कुणी विष दिलं नाही, गुरुजी. भरल्या मडक्याला लागून तो तहानेनं मेला. ईरण्णा रोज मडकं बघायचे, भरलेलं दिसायचं, आणि कमलबाईंचा शब्द पाळून ते पाणी घालायचे नाहीत."

"म्हणजे कमलनंच तेलाचं मडकं पुरलं!" हणमंतराव म्हणाले.

"नाही. त्या गेल्यावर मडकं एक-दोनदा अर्धं उतरलं, ईरण्णांनी ते भरलं. म्हणजे तोवर कच्चंच मडकं होतं. बदललं त्यानंतर, आणि तेव्हा कमलबाई निर्ण्याला लग्नाच्या मांडवात होत्या. व्यंकटराव सांगतील."

फाटकाशी उभ्या व्यंकटनं मान डोलावली.

"मग आधीचं कच्चं मडकं गेलं कुठं? तेल तर कशात तरी ठेवायला हवं." बळीरामनं दुसऱ्या मडक्यावर हात ठेवला. "ते हे. ह्याच्यातून तेल पाझरतंय, कारण हे तेलाचं मडकंच नव्हे. अंगावरचे पांढरे ओघळ तुमच्या विहिरीच्या क्षाराचे आहेत, पेरूच्या मडक्यालाही आहेत. तेलाच्या मडक्याला विहिरीचे क्षार कुठून लागतील? ही अदलाबदल ईरण्णा करू शकत नाहीत, ते चुलीपर्यंत जात नाहीत. गुरुजी, तुम्ही करू शकला असता. पण मग आपलं जुनं मडकं बदललंय हे रोज त्याला हात लावणारीनं पहिल्याच दिवशी ओळखलं असतं आणि घर डोक्यावर घेतलं असतं. त्याऐवजी त्यांनी माझ्या मित्राला सांगितलं, हे दरसालचंच, आईच्या वेळचं. घाण्याच्या घरातली बाई तेलाचं मडकं ओळखायला चुकत नाही."

शेळीनं तेवढ्यात एक कुरडई उचलली आणि तिला कुणी हाकललं नाही.

"नागू?" हणमंतराव म्हणाले. "पण तू तर... सावित्रीचं झाड!"

"अक्काचं कशाचं!" नागूबाईंचा आवाज एकदम फुटला. "माझं झाड व्हतं ते! अक्का लावून गेली, जगवलं मी. डोक्यावर कळशी घिऊन, पायाला फोड येस्तवर. देवाला ओंजळभर फुलं मिळायची, तेवढ्यात माझा उन्हाळा गोड व्हायचा. आन् ही कालची आली, मडकं पुरलं, तर टोपल्यानं फुलं! झाड बी फितूर झालं, दाजी. आन् तुम्ही माझ्या बहिणीच्या घागरीपुढं उभं ऱ्हाऊन म्हणलात, सावित्रीचा हात, कमलचा हात. माझा हात कुठं गेला? येवढ्या उन्हाळ्यांत माझं नाव तरी घेतलं का कुणी?"

दुपारी माडीवर हणमंतराव 'घालायचं कुणीतरी' असं म्हणाले होते, ते बाबूलालला आठवलं. त्याला त्या बाईचा राग आला होता, तो कुठं ठेवावा हे त्याला कळेना.

हणमंतरावांचा चेहरा लाल झाला. "व्यंकट, गाडी सोडू नको. कमल राहील. नागू, तुझं सामान बांध. ह्याच गाडीनं रस्त्यापर्यंत जा आणि भालकीची बस धर. पुन्हा ह्या मळ्यात पाय टाकू नको."

नागूबाई आत वळल्या. त्यांना बांधायला फारसं काही नव्हतंच.

"थांबा अक्का," कमलबाई म्हणाल्या. त्यांनी हातातलं गाठोडं अजून खाली ठेवलं नव्हतं. "मला आनंद झालाय. खोटं कशाला बोलू? तुमचं पाप उघडं पडलं ते लई बरं झालं. मी बी काय त्या झाडावर माया म्हणून पाणी घातलं न्हाई. हितं आल्यापासनं उठता-बसता सावित्री, सावित्री. म्हणलं, जे तिला जमलं न्हाई ते करून दावते. बहर आला तवा मला मेलेल्या बाईला हरवल्यागत वाटलं. ते ह्यांनी चारचौघांत बोलून दावलं, तर मला लाज बी वाटली न्हाई."

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांनी त्याच्याकडे सरळ बघितलं.

"पर तुम्ही सकाळी मला गाडीत बसवायला निघाला व्हतात, आन् आता तिला. मधी किती वेळ गेला? तिनं येवढे उन्हाळे काढले ह्या घरात, तिला येक सवाल न्हाई, समजूत न्हाई, लगीच बस धर. उद्या दुसरं कायतरी वाळलं, की पुन्यांदा माझी पाळी. असल्या घरात मी ऱ्हात न्हाई. तिला ठेवा, न्हाईतर हीच गाडी आम्हा दोघींना नेईल. तिला भालकीला सोडून मी निर्ण्याला जाते."

हणमंतरावांनी बळीरामकडे बघितलं, बळीराम लिंबाच्या झाडाकडे बघत होता.

मग फाटकाकडे वळून ते म्हणाले, "व्यंकट, बैल सोड. चहा घेऊन जा."

कमलबाईंनी गाठोडं ओट्यावर ठेवलं. मग कोयता घेऊन त्या मोगऱ्यापाशी गेल्या आणि वाळलेल्या फांद्या जमिनीलगत कापायला लागल्या. एका खुंटाची साल नखानं खरवडून बघितली. आत किंचित हिरवं होतं, की तसं वाटत होतं, बाबूलालला नक्की सांगता आलं नसतं.

"मुळाला जीव असंल तर फुटंल," त्या नागूबाईंकडे न बघता म्हणाल्या. "पाणी तुम्ही घाला."

नागूबाई पदरानं तोंड पुसत तिथवर आल्या. "माझ्या रीतीनं घालीन. कळशीनं. मडकं-बिडकं मला चालायचं न्हाई."

"घाला की कळशीनं. बघते किती फुलतंय ते."

"बघ, बघ," नागूबाई म्हणाल्या आणि कळशी आणायला आत गेल्या.